हळदोण्याचा वाजंत्री



लग्नसराई आली की दारव्ह्यापासून वणीपर्यंत गावोगाव बँड वाजू लागतो. डीजेच्या भोंग्यांनी त्याची जागा बरीच खाल्ली आहे, तरी वरातीपुढे पितळी ट्रंपेट आणि काळे क्लॅरिओनेट अजून दिसते. मंडळी नाचतात, नोटा ओवाळतात, आणि सगळ्या पंगती उठल्यावर बँडवाले मांडवाच्या कोपऱ्यात जेवायला बसतात. त्यांच्यातल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नसते. घरातले पोरगे कधी म्हणालेच, "मले ट्रंपेट शिकाचं हाय," तर आजोबांचे उत्तर तयार असते, "वाजंत्री होतं का बे?"

आज अशाच एका वाजंत्र्याची हकिकत सांगतो.

गोव्यात बार्देश तालुक्यात हळदोणे नावाचे गाव आहे. तेथे 1916 साली आंतोनियो झेवियर वाझ याचा जन्म झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. गावच्या चर्चला जोडून संगीताची शाळा असे. आपली पोरे पाढे म्हणत तशी तिथली पोरे कागदावर लिहिलेले सूर वाचून म्हणत. ही सुरांची लिपी ज्याला आली, तो कधी न ऐकलेले गाणेसुद्धा कागद समोर ठेवून वाजवू शके. आंतोनियोला ही विद्या तिथे मिळाली. आईची इच्छा मात्र वेगळी होती. मुलाने मेकॅनिक व्हावे, चार पैसे नेमाने घरी आणावेत, असे तिला वाटे. त्यात आईचे काय चुकले? पण मुलाचे मन ट्रंपेटवर बसले होते.

त्याला वेड लावले ते जॅझ नावाच्या संगीताने. हे नाव आपल्याला परके वाटेल, पण त्याची एक मुळी थेट कापसाच्या वावरात आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांना गुलाम करून कापसाच्या शेतात राबवीत. वेचणी करताना, ओझी उचलताना ते गाणी म्हणत. 1861 साली तिकडे यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 साली युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. पुढे त्याच लोकांच्या मुला-नातवंडांनी न्यू ऑर्लिन्स शहरात वावरातली गाणी, देवळातली भजने आणि लष्करी बँडची पितळी वाद्ये यांचा मेळ घातला. तेच जॅझ.

जॅझची रीत समजायला अवघड नाही. आपल्या खंजिरीभजनात धृपद सगळे मिळून म्हणतात, मग एखादा बुवा त्याच चालीत आपल्या मनाने आलाप घेतो आणि पुन्हा धृपदावर येतो. जॅझमध्येही चाल ठरलेली असते, पण प्रत्येक वादकाची पाळी येते. त्या पाळीत तो काय वाजवील हे त्याचे त्यालाही आधी ठाऊक नसते. ताल मात्र सुटू द्यायचा नाही.

या संगीताचा मोठा माणूस म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. जन्म 1901, न्यू ऑर्लिन्समधला. घरी दारिद्र्य, लहानपणी कोळशाच्या गाडीवर काम. वर्षाच्या शेवटच्या रात्री पिस्तुलाचा बार काढला म्हणून पोराला सुधारगृहात टाकले. तिथल्या बँडमध्ये तो नीट वाजवायला शिकला. पुढे त्याच्या तबकड्या जगभर गेल्या, आणि आंतोनियोचा तो न पाहिलेला गुरू झाला. शिवाय 1935 च्या सुमारास लिऑन ॲबी, मग टेडी वेदरफर्ड असे अमेरिकेचे कृष्णवर्णीय वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात येऊन वाजवू लागले होते. गोव्याच्या पोरांना ही विद्या जवळून ऐकण्याची सोय झाली.

मुंबईत आंतोनियोला लोक 'चिक चॉकलेट' म्हणू लागले. आर्मस्ट्राँगसारखा हातात पांढरा रुमाल, आवाजही तसाच खरखरीत. 1945 साली त्याच्या अकरा जणांच्या बँडने इतर बँडांशी चढाओढ करून ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलचे काम मिळवले. 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' असे त्याला म्हणत. त्याच्या बँडच्या तबकड्याही निघाल्या.

तबकडीचीही गोष्ट ऐकण्याजोगी आहे. ती जुनी काळी, मिनिटाला 78 फेरे घेणारी तबकडी लाखेची असे. ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर बारीक किडे जे राळेसारखे कवच करतात ते. छोटा नागपूरच्या रानातली लाख साऱ्या जगाच्या तबकड्यांना जाई. आपल्या धुऱ्यावरचा पळस पाहिला की हे आठवावे. अशा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. हॉटेलात तासभर रंगणारा वादक इथे तीन मिनिटांत काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवी. सगळ्यांनी एकत्र बसून एका दमात वाजवायचे. एक चुकला की साऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून. अशा चार-सहा तबकड्या फोटोच्या वहीसारख्या जाड पाकिटांच्या वहीत घालून विकत, म्हणून तिला अल्बम म्हणू लागले. 1948 साली अमेरिकेत वीस-वीस मिनिटांची लांब तबकडी निघाली, वही गेली आणि नाव तेवढे राहिले.

आता या कथेत आपल्याकडची माणसे येतात. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, हे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, जन्म 1918. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडेही त्याच गुरूंचे शिष्य. पाया शास्त्रीय गाण्याचा, पण कान चारी दिशांना उघडा. अमेरिकेच्या बेनी गुडमनचे क्लॅरिओनेट ऐकून त्यांनी आपल्या चालींत सॅक्सोफोन, गिटार आणली. 1947 च्या 'शहनाई' चित्रपटातले रविवारचे गाणे घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल.

चितळकरांच्या डोक्यात चाल होती, चिक चॉकलेटच्या हातात पितळ आणि कागदावरचे सूर. चाल एकदा बांधली की कोणत्या वाद्याने कुठे उठायचे, कुठे थांबायचे, हे लिहून काढावे लागे. ते काम गोव्याचे वादक करीत. 1949-50 च्या सुमारास मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतले नाचगाणे मंदावले. तेव्हा या वादकांना चित्रपटांनीच आधार दिला. 1951 साली 'अलबेला' आला. तो काढणारे आणि त्यात नायक म्हणून नाचणारे भगवानदादा पालव यांचा जन्म आपल्या अमरावतीचा, वडील गिरणीकामगार. त्यातल्या एका गाण्यात चिक चॉकलेट आपल्या बँडसह झालरीच्या सदऱ्यात पडद्यावरही दिसतो. पुढे 1957 च्या 'आशा' चित्रपटातले ईना-मीनाचे गाणे बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीवरून सुचले असे सांगतात. चितळकरांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी त्यात 'मला नको' अशा अर्थाचे दोन कोकणी शब्द घातले, आणि सारा देश अर्थ न कळता ते म्हणू लागला.

आपल्या वरातीत बँडवाले कितीदा ही जुनी गाणी वाजवतात! म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या गल्लीतला सूर हळदोण्याच्या पोराने उचलला, नागपुरात शिकलेल्या संगीतकाराने त्याला आपली चाल दिली, आणि तो आपल्या मांडवात आला. पण त्या तबकडीवरच्या गोल कागदावर नावे कोणाची असत? चित्रपटाचे, गाणाऱ्याचे, संगीतकाराचे. फुंकणाऱ्याचे नाव नसे. चिक चॉकलेट 1967 साली, वयाच्या अवघ्या 51 व्या वर्षी वारला. त्याचा ट्रंपेट लाखो लोकांनी ऐकला, पण त्याला नावाने ओळखणारे त्या मानाने थोडे.

या धंद्यात सगळे गोडच असते असे मी म्हणणार नाही. कलावंताचे उत्पन्न कोरडवाहू शेतीसारखे. एक साल पीक, दुसऱ्या साली नापिकी. 'अलबेला'ने वैभव पाहिलेले भगवानदादा पुढचे चित्रपट पडल्यावर सारे गमावून बसले आणि 2002 साली दादरच्या चाळीत वारले. चिक चॉकलेटनेही एका पिकावर भिस्त ठेवली नाही. रात्री हॉटेल, दिवसा चित्रपटाचे काम, मध्ये स्वतःच्या तबकड्या, असे तीन तास त्याने धरले होते.

म्हणून घरातल्या पोराला वाद्याचा नाद असेल तर त्याला हसू नका. त्याचबरोबर नुसत्या नादावरही सोडू नका. चांगल्या मास्तराकडे घाला, सुरांची लिपी शिकू द्या, आणि जोडीला दुसरे एखादे हातचे कामही येऊ द्या. हळदोण्याच्या त्या आईची काळजी आणि मुलाची ओढ, दोन्हींना त्यात जागा आहे.

आणि यंदा मांडवात बँड आला तर दोन गोष्टी करा. ठरलेली बिदागी कापाकापी न करता द्या. आणि वाजवणाऱ्यांना वेळेवर पंगतीत बसवून, ट्रंपेटवाल्याला त्याचे नाव विचारा.