इंजिन कुणाचे?

भोकरदनच्या बाजारात कापसाच्या भावाची गोष्ट निघाली की कुणीतरी उसळून म्हणतोच, "शेतकऱ्याला द्यायला दमडी नाही, अन् २०१६ साली ३६ राफेल विमानांना सुमारे ५९,००० कोटी मात्र निघाले!"

संताप खरा आहे. नेम चुकला आहे. विमाने नकोत असे कोण म्हणेल? प्रश्न इंजिनाचा आहे. १९६१ साली उडालेले आपले 'मरुत' दुबळ्या इंजिनापायी जन्मभर लंगडले. १९८९ साली 'कावेरी' इंजिनाचा संकल्प सोडला. पहिल्या वीस वर्षांत त्यावर २,००० कोटीही खर्चले नाहीत. बळ कमी पडले म्हणून २००८ साली त्याला 'तेजस'पासून वेगळे काढले.

नाशिकजवळ ओझरला मिगच्या जुन्या कारखान्यात आता तेजस जुळवतात. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथले पहिले मार्क-१ए उडाले, टाळ्या वाजल्या. पोटातले इंजिन मात्र अमेरिकेचे. तीच वेळेवर न आल्याने वायुदल ताटकळले! आमच्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीवाला शेतकरी तरी स्वतःची विहीर खणून उपशाचे इंजिन दरसाल शेजाऱ्याकडे मागत बसेल का? राफेलचा हिशेब मागणाऱ्यांनो, कावेरीवर इतके थोडके का खर्चले, हे दिल्लीला कधी विचारणार?