उस्मानाबादचं फुकटचं मत

शहराचं नाव धाराशिव झालं, जिल्ह्याचं झालं, एसटीच्या पाट्याही बदलल्या. लोकसभेचा मतदारसंघ मात्र अजून उस्मानाबादच आहे. निवडणूक आयोगाच्या यादीत तो ४० व्या क्रमांकावर याच नावानं आहे. मतदारसंघाचं नाव पुनर्रचनेच्या आदेशानं ठरतं, राज्य सरकारच्या अधिसूचनेनं नाही. त्यामुळं २०२४ला मतदान ‘उस्मानाबाद’चंच झालं. आमच्या मोहल्ल्यात काहींना याचं मोठं समाधान वाटतं. मला वाटत नाही. मीर उस्मान अली खान माझे कोणी लागत नाहीत. मला नावापेक्षा त्या नावाखाली सत्तर वर्षं पडणाऱ्या आपल्या मतांचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो.

या मतांबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक बाजू म्हणते, मुसलमान एकगठ्ठा मतदान करून निवडणुका फिरवतात. २०२४च्या निकालानंतर तर त्यासाठी ‘व्होट जिहाद’ असा शब्दच प्रचारात आणला गेला. दुसरी बाजू म्हणते, तुमच्या मतांमुळंच संविधान वाचलं, तुमचे उपकार विसरणार नाही. पहिली शिवी आहे, दुसरी शाबासकी. पण दोन्हींच्या पोटात खोटं एकच आहे: आपण निवडणूक ठरवतो. उस्मानाबाद मतदारसंघाचा इतिहास उघडून बघा, मग कळेल की आपण फार कमी वेळा काही ठरवलं. आणि जेव्हा ठरवू शकत होतो, तेव्हा काही मागितलं नाही.

सुरुवात १९५२पासून करून चालणार नाही. त्याच्या साडेतीन वर्षं आधी जावं लागेल. सप्टेंबर १९४८च्या पोलीस ॲक्शनआधी रझाकारांनी या भागातल्या हिंदूंवर जे अत्याचार केले ते विसरण्यासारखे नाहीत, आणि कासिम रझवी याच भागातल्या लातूरचा वकील होता हेही लपवायचं कारण नाही. ॲक्शननंतर त्याची किंमत मात्र रझवीनं दिली नाही, सामान्य मुसलमानांनी दिली. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे सांगितले, त्यात उस्मानाबाद होता. हैदराबाद संस्थानभर मिळून २७ ते ४० हजार माणसं गेली, असा समितीचा अंदाज. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार शिल्लक दिसले, असं समितीनं नोंदवलं. हा अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला.

अशा मुलखात १९५२ची पहिली निवडणूक झाली. तेव्हाच्या मुसलमान मतदाराला कोणत्या पक्षाचा जाहीरनामा आवडला, हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याला फक्त जगायचं होतं, आणि सरकार ज्याचं त्याच्या सावलीत उभं राहणं हाच शहाणपणा होता. काँग्रेसचे राघवेंद्र दिवाण निवडून आले, १९५७ला व्यंकटराव नळदुर्गकर, मग १९६२पासून सलग तीनदा तुळशीराम पाटील. आमच्या घरी आजोबांच्या तोंडी एक वाक्य होतं, ‘हुकूमत से नहीं लड़ते.’ ते राजकारण नव्हतं, भीती होती. ती भीतीच पुढं सवय झाली आणि सवयीला आपण ‘सेक्युलर निष्ठा’ असं चांगलं नाव देऊन टाकलं.

१९७७ला मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि २००४च्या निवडणुकीपर्यंत राखीव राहिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुस्लिमबहुल जागा मुद्दाम राखीव केल्या जातात, ही सच्चर समितीपुढं आलेली तक्रार देशात इतरत्र खरी असेल, इथं लागू होत नाही. या जिल्ह्यात दलितांची संख्या आपल्यापेक्षा जास्तच आहे. १९७७च्या जनता लाटेतही इथून काँग्रेसचे तुकाराम शृंगारे निवडून आले. १९८०ला त्र्यंबक सावंत, १९८४पासून तीन वेळा अरविंद कांबळे. देशात सरकारं येत-जात होती, इथला मतदार हलला नाही. आणि न हलणाऱ्या मतदाराला भेटायला कोण येतो?

१९९६ला शिवसेनेचे शिवाजी कांबळे निवडून आले. १९९८ला अरविंद कांबळे परतले, १९९९ला पुन्हा शिवाजी कांबळे, २००४ला सेनेच्याच कल्पना नरहिरे अगदी थोड्या मतांनी. ज्या सेनेनं मराठवाड्यात नामांतराला विरोध करून आणि ‘खान हवा की बाण’ असं विचारून बस्तान बसवलं, तिनं राखीव जागा चारपैकी तीनदा जिंकली. मुसलमानांनी त्या काळात बहुतांशी पंजाला आणि घड्याळालाच मत दिलं. काय फिरवलं त्यांनी? काहीच नाही.

एकदाच अशी वेळ आली की आपलं मत सोन्याच्या भावानं मोजता आलं असतं. २००९. मतदारसंघ खुला झाला होता आणि राष्ट्रवादीचे पद्मसिंह पाटील शिवसेनेच्या रवींद्र गायकवाडांपेक्षा फक्त ६,७८७ मतांनी पुढं राहिले. एवढी मतं तर एका शहरातल्या दोन-चार मोहल्ल्यांत निघतात. मी त्या निवडणुकीच्या बैठकांना होतो. आपल्या जाणत्या मंडळींनी काय मागितलं, तर कब्रस्तानची भिंत आणि शादीखान्याचा स्लॅब. लोकसभेच्या उमेदवाराकडं! जे काम नगरपालिकेच्या सभापतीनं करायचं, ते आपण खासदाराकडं मागितलं आणि ‘बघू’ हे उत्तर घेऊन बिर्याणी खाऊन परतलो. सच्चर अहवाल येऊन तेव्हा अडीच वर्षं होत आली होती. बैठकीत त्याचं नाव कुणी काढलं नाही.

राज्यातल्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारला मुसलमानांच्या पाच टक्के आरक्षणाची आठवण कधी झाली? मे २०१४ला लोकसभेत धूळधाण उडाल्यावर. इथं रवींद्र गायकवाडांनी पद्मसिंहांना सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी हरवलं होतं. जुलैमध्ये अध्यादेश निघाला, मराठ्यांना सोळा आणि मुसलमानांना पाच टक्के. उच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, पण मुसलमानांचं शिक्षणातलं पाच टक्के टिकवलं. तरीही पुढच्या भाजप-सेना सरकारनं ते कायद्यात न आणता मरू दिलं. आणि आपले खासदार गायकवाड देशभर गाजले ते विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला चपलेनं मारून.

आता २०१९ आणि २०२४ शेजारी शेजारी ठेवून बघा. २०१९ला शिवसेना-भाजप युतीचे उमेदवार ओमराजे निंबाळकर. त्यांनी मोदींच्या नावानं मतं मागितली. समोर राष्ट्रवादीचे राणाजगजितसिंह पाटील, म्हणजे ‘सेक्युलर’ उमेदवार. ओमराजे १,२७,५६६ मतांनी जिंकले. काही महिन्यांत राणाजगजितसिंह भाजपमध्ये गेले. २०२४ला तेच ओमराजे मशाल घेऊन ‘सेक्युलर’ झाले, आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चना पाटील, भाजपमधून ऐनवेळी अजित पवारांच्या राष्ट्रवादीत येऊन. म्हणजे दोन्ही वेळा लढत एकाच घराण्याच्या दोन शाखांत. पाच वर्षांत सेक्युलॅरिझम या वाड्यातून त्या वाड्यात राहायला गेला आणि मागोमाग आपणही सामान उचललं. कुणी विचारलं नाही की आधीच्या घरमालकानं आपल्याला काय दिलं होतं, आणि नव्याचे भाड्याचे नियम काय आहेत.

आता ‘व्होट जिहाद’वाल्यांसाठी थोडं गणित. २०२४ला ओमराजेंना ७,४८,७५२ मतं पडली, अर्चना पाटलांना ४,१८,९०६. फरक ३,२९,८४६. एकूण मतदान पावणेतेरा लाखांच्या आसपास. जिल्ह्यात मुसलमान दहा-अकरा टक्के. समजा प्रत्येक मुसलमानानं मशालीचंच बटण दाबलं, तरी ती मतं सव्वा-दीड लाखांच्या पुढं जात नाहीत. ती सगळी ओमराजेंकडून काढून घ्या, ते निवडून येतातच. काढून अर्चना पाटलांच्या पदरात टाका, तरीही निवडून येतात! हा निकाल अंतरवाली सराटीतल्या लाठीमारानंतरच्या मराठा संतापाचा होता, पडलेल्या सोयाबीनच्या भावाचा होता, पक्ष फोडल्याच्या रागाचा होता. पुढं नोव्हेंबरात विधानसभेला याच मतदारसंघातल्या सहा जागा तीन-तीन अशा वाटल्या गेल्या. उमरगा, उस्मानाबाद, बार्शी मशालीकडं. तुळजापूर, परांडा, औसा महायुतीकडं. मुसलमान तेवढेच होते.

म्हणून ‘तुम्हीच आम्हाला निवडून आणलं’ असं कुणी व्यासपीठावरून म्हणालं की मला आनंद होत नाही. ते खरं नाही, आणि म्हणणाऱ्यालाही ते माहीत असतं.

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. २९ जून २०२२. महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाची शेवटची बैठक. सरकार त्या रात्री कोसळणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्या बैठकीत औरंगाबादचं संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव करण्याचा निर्णय झाला. टेबलाभोवती काँग्रेस होती, राष्ट्रवादी होती. नाव बदलल्याचं दुःख मला किती, हे वर सांगितलंच आहे. धाराशिव हे जुनं नाव आहे, आमच्या घरातही ‘धाराशिवला जाऊन येतो’ असं म्हणत. माझा मुद्दा वेळेचा आहे. याच सरकारच्या अल्पसंख्याक मंत्र्यांनी फेब्रुवारी २०२०मध्ये विधान परिषदेत शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण आणू असं जाहीर केलं होतं. न्यायालयानं मान्य केलेली गोष्ट, फक्त कायदा करायचा होता. अडीच वर्षं त्यासाठी सवड मिळाली नाही. नाव बदलायला मरणाच्या दारात सवड मिळाली. कारण सरळ आहे. नावाचा आग्रह धरणारा मतदार निसटू शकत होता, आरक्षण मागणारा मतदार कुठं जाणार नव्हता.

आणि गेला नाहीच. ७ मे २०२४ला आपण रांगा लावून मशालीला मत दिलं. दुसऱ्याच दिवशी, ८ मेला, उच्च न्यायालयानं नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्या निवडणुकीत महाविकास आघाडीनं राज्यातल्या ४८ पैकी एकाही जागेवर मुसलमान उमेदवार दिला नव्हता. महायुतीकडून तर अपेक्षाच नव्हती. ‘मुसलमान दिला तर पडतो’ हे त्याचं नेहमीचं कारण. मग वाशिममधून १९८० आणि १९८४ला गुलाम नबी आझाद कुणाच्या मतांवर आले? कुलाब्यातून अंतुले पुन्हा पुन्हा कसे आले? पक्षानं मनापासून उभं केलं की हिंदू मतदार मत देतो. उस्मानाबादच्या खासदारांच्या यादीत पहिल्या निवडणुकीपासून आजवर एकही मुसलमान नाव नाही. पण खरं सांगायचं तर माझा आग्रह नावाचा नाहीच. शृंगारे, सावंत, कांबळे हे परके नव्हते, ओमराजेही नाहीत. फोन उचलणारा खासदार अशी त्यांची ख्याती आहे, आणि एप्रिल २०२५ला वक्फ दुरुस्तीच्या विरोधात त्यांचा पक्ष उभा राहिला, हे मान्य करायला हवं.

यावर काही मित्र म्हणतात, मग काय भाजपला मत द्यायचं? की घरी बसायचं? की पतंग उडवायचा? २०१९ला वंचितनं इथं लाखाच्या जवळ मतं घेतली, २०२४ला ती तिसऱ्या हिश्श्यावर आली. तो रस्ता आपल्यातल्या अनेकांनी चालून पाहिला आणि सोडला. यातलं मी काहीच सुचवत नाही. द्या मशालीलाच, द्या पंजाला. पण मत देण्याआधी कागद पुढं करा. शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण विधानसभेत मांडणार का, कोणत्या अधिवेशनात? जिल्ह्यातल्या वक्फ जमिनींपैकी किती कुणाच्या ताब्यात आहेत, याची यादी जाहीर करायला लावणार का? उर्दू शाळांतल्या रिकाम्या जागा भरल्या जाईपर्यंत पाठपुरावा कोण करणार, त्याचं नाव सांगा. सही करा. सही होत नसेल तर त्या बैठकीतून उठून या, बिर्याणी न खाता.

ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसात सगळ्या पक्षांचे नेते चादर घेऊन येतात. फोटो निघतात, फेटे बांधले जातात. पुढच्या उरुसाला हा कागद तिथंच त्यांच्या हातात द्यावा, असं आम्ही काही जणांनी ठरवलं आहे. कमिटीतल्या बुजुर्गांचा विरोध आहे. ‘मेहमान को ऐसा नहीं पूछते’, असं ते म्हणतात.