कुरणातला एल्क, ताटातला एल्क

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या आठवड्यात भाच्याने एक फोटो टाकला. पांढऱ्या बशीत मांसाचे जाड काप, शेजारी भाजलेला बटाटा आणि खाली ओळ : ‘सकाळी कुरणात पाहिला, रात्री खाल्ला!’ भाचा होता अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये, जॅक्सन गावी. यलोस्टोन बघायला जाणारी आपली बरीच मंडळी तिथे मुक्कामाला थांबतात. ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. मला मात्र ती ओळ सलत राहिली, कारण ती खरी असणं शक्यच नाही.

अमेरिकेत रानात मारलेल्या एल्कचं मांस हॉटेलात विकता येत नाही. शिकाऱ्याने परवाना काढावा, नियमात बसेल ते जनावर मारावं, घरी शिजवावं, सोयऱ्यांना जेवू घालावं. विकायचं मात्र नाही. हॉटेलात मिळतो तो फार्मवर वाढवलेला एल्क, आणि हरणाचं मांस तर पुष्कळदा थेट न्यूझीलंडहून आलेलं असतं. बायसनही खासगी रँचवरचा.

मेनूकार्डावर ‘गेम’ हा शब्द दिसला की शिकारीचाच भास होतो, हे मला कळतं. तिथलं ‘गन बॅरल’ हे स्टेक आणि गेमसाठी नावाजलेलं हॉटेल पूर्वीच्या वन्यजीव संग्रहालयाच्या जागेत आहे. पेंढा भरलेली जनावरं भोवताली असताना पुढ्यातलं मांस त्याच डोंगरातलं वाटणारच. म्हणून तर विचारावं. मासळी घेताना कोळणीला ‘आजची की बर्फातली’ असं आपण बिनदिक्कत विचारतो, मग चाळीस-पन्नास डॉलर मोजताना संकोच कशाचा? ‘हा एल्क कुठल्या फार्मचा?’ एवढंच विचारायचं. चांगल्या हॉटेलात याचं उत्तर नीट मिळतं.

मला राग आला तो मात्र वेगळ्या कारणाने. ही बंदी फार मोठी किंमत मोजून आलेली आहे. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी चाललेल्या शिकारीने कोट्यवधी बायसनांचे कळप हजाराच्या आत आणून ठेवले. एल्कची तर केवळ दोन सुळ्यांसाठी कत्तल झाली. घड्याळाच्या साखळीला ते सुळे लावायची तेव्हा फॅशन होती. ते काढून घ्यायचे आणि धूड तिथेच टाकून द्यायचं. पुढे 1912 मध्ये जॅक्सनला लागून एल्कसाठी राखीव क्षेत्र झालं. आजही हिवाळ्यात हजारो एल्क डोंगर उतरून तिथे येतात. गावच्या चौकातल्या शिंगांच्या चार कमानी सगळे फोटोत घेतात. एल्कची शिंगं दरवर्षी आपोआप गळतात. स्काउटची मुलं ती राखीव क्षेत्रातून गोळा करतात आणि मे महिन्यात त्यांचा लिलाव होतो. त्या कळपातला एल्क आज कुरणात दिसतो, कारण तो कुणाच्या बशीत विकला जात नाही. आपल्याकडेही 1972 च्या कायद्याआधी सांबराच्या शिकारीच्या गोष्टी घरोघर रंगायच्या. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही.

भाच्याला हे सगळं लिहून पाठवलं. त्यावर त्याने आमच्या सुनेच्या बशीचा फोटो धाडला. तिने बायसनचा स्टेक ‘वेल डन’ मागवला होता. राखाडी, आकसलेला. ‘चामड्यासारखा लागला,’ असं तिचं म्हणणं. तो तसा लागणारच! बायसन आणि एल्क यांच्या मांसात चरबी फार कमी असते. आत साधारण 55 ते 57 अंश सेल्सियसला उतरवलं, म्हणजे ‘मीडियम रेअर’, तर ते लुसलुशीत राहतं. 65 च्या पुढे गेलं की सुकलंच. आणि बशीत जे लाल पाणी सुटतं ते रक्त नसतं, स्नायूंतल्या मायोग्लोबिनमुळे पाण्याला तो रंग येतो. आपल्यातले कितीतरी जण त्या रंगाला बिचकून चांगला तुकडा वाया घालवतात.

लाल मांस नकोच वाटत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. आपली जीभ रश्श्यात तास-दीड तास शिजलेल्या, हाडावरून सुटून येणाऱ्या मटणावर वाढलेली आहे. अशांनी स्टेकच्या वाटेला जाऊ नये. बायसनच्या बरगड्या मंद आचेवर तासन्‌तास शिजवून देतात, त्या मागवाव्यात. थंडीत स्ट्यू किंवा चिली मिळाली तर त्याहून उत्तम. हे तुकडे मुळातच राठ, जास्त वेळ शिजवल्यानेच मऊ पडतात. म्हणजे जी गोष्ट स्टेकला मारते, तीच इथे चव आणते.

सॉसेज आणि बर्गरच्या बाबतीत मात्र जपून. मांस कोरडं पडू नये म्हणून एल्कच्या सॉसेजमध्ये पुष्कळदा डुकराची चरबी घालतात, बर्गरमध्ये गाईचीही असू शकते. बीफ वर्ज्य असणारे कितीतरी लोक ‘एल्कच तर आहे’ म्हणून निर्धास्तपणे बर्गर मागवतात. कृपा करून तसं करू नका. ऑर्डर देण्याआधीच विचारा. सूनबाईंनाही हेच कळवलं आहे, आणि परतीच्या वाटेवर बरगड्या मागवायला सांगितल्या आहेत.