पोडियमवरची हिरवळ म्हणजे बाग नव्हे

मुंबईत सार्वजनिक बागांवर पैसा घालणं आता पुरे, असं एका जाणकाराचं म्हणणं परवा वाचलं. बागा घाणेरड्या, बाकडी मोडलेली, संध्याकाळी जोडपी आणि रात्री गर्दुल्ले. शिवाय प्रत्येक नव्या टॉवरमध्ये बाग होतेच आहे, निगा रहिवासी स्वखर्चाने राखतात, मग पालिकेने ही उठाठेव करायचीच कशाला? झाला युक्तिवाद.

घाणीवर इलाज झाडू. जोडप्यांनी कोणाचं घोडं मारलंय? गर्दुल्ल्यांसाठी पोलीस आहेत.

माझं डोकं फिरतं ते टॉवरमधल्या त्या बागेमुळे. ती असते पार्किंगच्या मजल्यांच्या डोक्यावर, म्हणजे पोडियमवर. खाली स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग निचऱ्याचा थर आणि वर बेताची माती. तिथे लॉन जगतं, पाम जगतात. वड-पिंपळ लावायचं नाव काढून बघा! मुळं वॉटरप्रूफिंग फोडतील या धास्तीने चाफासुद्धा कुंडीत. पावसाचं पाणी पाइपातून थेट गटारात. खालच्या जमिनीत मुरायला वाटच नाही. नियमाने सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात डिसेंबर 2013 मध्ये बजावलं होतं. ते या जाणकारांच्या कानावर आलेलं दिसत नाही. आणि वरच्या मजल्यावर भांडी घासणाऱ्या बाईंचा मुलगा पोडियमवरच्या झोपाळ्यावर बसला, तर वॉचमन त्याला दुसरा झोका घेऊ देईल का?

राणीच्या बागेचं तिकीट 2017 मध्ये पाचाचं पन्नास झालं, तेव्हाही याच सुरात सांगितलं गेलं की आता चांगले लोक येतील. चांगले म्हणजे कोण, हे मी तेव्हा विचारत होतो. उत्तर अजून आलेलं नाही.

खाजगी बाग मालकाची मर्जी असेतो टिकते. विलेपार्ल्यातल्या कितीतरी बंगल्यांच्या आवारातले आंबे-फणस पुनर्विकासात गेले. मालकाने सही केली, विषय संपला. राणीची बाग भायखळ्यात 1862 पासून आहे. तिथला गोरखचिंचेचा बुंधा कवेत घ्यायला चार माणसं लागतात. उर्वशीच्या झाडाला लालभडक फुलांचे झुबके लोंबायला लागले, की झाडांचे अभ्यासक आणि सहलीला आलेली पोरं एकाच फांदीखाली माना वर करून उभी राहतात. एकाच शहरात राहतो हे माणसांना कळायला अशी जागा लागते, आणि ती पालिकेनेच राखायला हवी.

त्यासाठी प्रत्येक बागेला कायमचा माळी द्या, वापरता येईल असं स्वच्छतागृह द्या, जिथे दुपारी फाटकाला कुलूप लागतं तिथलं ते काढा. उन्हातान्हात फिरणारे डिलिव्हरीवाले आणि फेरीवाले सावलीला दुपारीच येतात. आणि शहरातल्या मोकळ्या जागेचा हिशेब मांडताना पोडियम त्यात धरू नका.