विश्लेषण : केसाहून पातळ बॅटरी घराघरांत का पोहोचली नाही?

श्रवणयंत्रे, सेन्सर, शरीरात बसवायची उपकरणे लहान होत चालली. बॅटरी मात्र त्या वेगाने लहान होत नाही. इलेक्ट्रोडचा अतिसूक्ष्म थर देऊन बनवलेली ‘थिन फिल्म’ बॅटरी हा त्यावरचा एक उपाय. पण तीन दशकांनंतरही तिचा वापर मर्यादितच आहे.

ही बॅटरी कशी बनते?

नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत इलेक्ट्रोडचे मिश्रण धातूच्या फॉइलवर पसरून वाळवतात आणि द्रव इलेक्ट्रोलाइट भरतात. येथे निर्वात कक्षात थरावर थर चढवले जातात. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड आणि लिथियम यांच्यामध्ये असतो ‘लायपॉन’ हा घन पदार्थ. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत जॉन बेट्स यांच्या गटाने तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित केला. आधाराची चकती वगळता सर्व थरांची जाडी साधारण १५ मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो.

फायदा काय?

द्रव नसल्याने गळती नाही. थर पातळ असल्याने आयनांचा प्रवास छोटा, त्यामुळे चार्जिंग जलद. हजारो वेळा चार्ज करूनही क्षमता फारशी घटत नाही.

मग अडते कुठे?

पातळपणातच. कोबाल्ट ऑक्साइडच्या एक मायक्रॉन थरात दर चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त सुमारे ६९ मायक्रोअँपिअर-तास वीज मावते. रिमोट, वजनकाट्यात असणाऱ्या ‘सीआर २०३२’ या बटण सेलएवढ्या चकतीवर पाच मायक्रॉनचा थर दिला, तरी जेमतेम एक मिलीअँपिअर-तास मिळतो. त्या सेलची क्षमता सुमारे २२० आहे. अर्थात तो ३.२ मिलिमीटर जाड असतो आणि पुन्हा चार्ज होत नाही.

थर जाड केला तर? जाडी दुप्पट झाल्यास आयन आरपार जायला चौपट वेळ लागतो, शिवाय तडे जाण्याचा धोका वाढतो. चांगल्या स्फटिकरचनेसाठी थर साधारण ७०० अंश सेल्सिअसला तापवावा लागतो, म्हणून स्वस्त प्लास्टिकचा आधार चालत नाही. निर्वात प्रक्रिया संथ आणि महागडीही आहे.

पुढे काय?

जपानच्या टीडीके कंपनीने वेगळी वाट धरली आहे. तिच्या घन बॅटरीत सिरॅमिकचे अनेक थर एकमेकांवर रचले जातात. लिटरमागे १,००० वॅट-तास साठवणारे नवे साहित्य विकसित केल्याचे कंपनीने जून २०२४ मध्ये जाहीर केले. लक्ष्य बटण सेलची जागा घेण्याचे आहे. ते साधले, तर निर्वात कक्षातील पातळ थरांकडे उरेल ते जागेची चणचण असलेले, किमतीची तमा नसलेले क्षेत्र : वैद्यकीय उपकरणांचे.