घरच्या वर्गात इतिहास कोणता?

शाळेची वाट सोडून मुलांना घरीच शिकवावे असे ठरवणारी कुटुंबे मुंबईच्या उपनगरांतही आहेत. हे ओझे एकट्या कुटुंबाला पेलत नाही, म्हणून चार-सहा कुटुंबे एकत्र येतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस कुणा एकाच्या घरी मुले जमतात, एक पालक गणित घेतो, दुसरा विज्ञान. गोराईसारख्या ठिकाणी असा वर्ग भरला तर सात वर्षांची चिमुरडी आणि दहावीच्या उंबरठ्यावरचा पंधरा वर्षांचा मुलगा एकाच सतरंजीवर बसणार. गणितात त्याची अडचण नाही. ज्याची त्याची पायरी वेगळी, उदाहरणे वेगळी. भाषेचेही निभावते. पालकांची बैठक अडते ती इतिहासापाशी.

पहिला विचार अर्थातच पाठ्यपुस्तकांचा येतो. बालभारतीची पुस्तके स्वस्त आहेत, मराठीत आहेत आणि परीक्षेला तीच लागणार आहेत. परंतु ती इयत्तावार रचलेली आहेत. चौथीला शिवछत्रपती, पाचवीला आदिमानव आणि प्राचीन संस्कृती, सहावीला मौर्य-सातवाहन, सातवीला पुन्हा मराठेशाही, आठवीला १८५७ पासूनचा लढा, नववीला स्वातंत्र्योत्तर भारत आणि दहावीला थेट इतिहासलेखनशास्त्र, हा गेल्या दशकातल्या पुस्तकांचा क्रम होता. प्रत्येक इयत्तेची खोली वेगळी असते तेथे तो चालतो. एकाच दिवाणखान्यात मात्र एक मूल अफझलखानाच्या भेटीत, दुसरे दगडी हत्यारांत आणि तिसरे पंचवार्षिक योजनेत, असा प्रकार होतो. शिकवणारी आई तासाभरात तीन हजार वर्षांच्या खेपा घालते आणि शेवटी ‘आपापले वाचा’ म्हणून मोकळी होते. इतिहास घोकायचा विषय होतो तो येथेच. घरी शिकवूनही शाळेतलाच कंटाळा पदरी पडणार असेल, तर शाळा सोडली कशासाठी?

दुसरा मार्ग केंद्रीय पुस्तकांचा. तेथे मराठ्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षे मोजकी पानेच येत असत, ही महाराष्ट्राची जुनी व्यथा आहे. २०२५ साली आलेल्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांच्या उदयाला स्वतंत्र प्रकरण मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण त्याच प्रकरणातील एका नकाशात जैसलमेर मराठ्यांच्या सत्तेखाली दाखवले गेले, म्हणून तेथील राजघराण्याकडून आक्षेप आला आणि तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. आपल्या बाजूने झुकणारी चूक असली तरी ती तपासावी लागतेच. पुस्तक कोणत्या मंडळाचे, या प्रश्नापाशी थांबणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

खरे तर मिश्र वयाच्या घरगुती वर्गासाठी लागणारी दृष्टी मराठी परंपरेत शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेली आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे १८८९ मध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. सयाजीराव महाराजांच्या राजपुत्रांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. शिकवण्यासाठी त्यांनी जी टिपणे काढली, त्यांतूनच पुढे रियासतीचे खंड उभे राहिले. मराठी इतिहासलेखनातील एवढे प्रचंड काम घरच्या शिकवणीतून जन्माला आले! आणि त्यातला क्रम पाहण्याजोगा आहे. १८९८ मध्ये निघालेला पहिला खंड मराठ्यांचा नव्हता. तो ‘मुसलमानी रियासती’चा होता. स्वराज्य कोणत्या सत्तांशी झुंजून उभे राहिले, त्या सत्तांची व्यवस्था, सैन्य, बलस्थाने कोणती होती, हे आधी सांगितल्यावाचून शिवरायांचे मोठेपण कळत नाही, हे त्या क्रमातूनच दिसते. घरच्या अभ्यासक्रमातून नकोशी वाटणारी शतके गाळून टाकण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी रियासतकारांचा हा क्रम जरूर विचारात घ्यावा. शत्रूच लहान करून दाखवला, तर त्याला नमवणारा आपोआप लहान होतो.

तेव्हा वर्गाने इयत्ता बाजूला ठेवावी आणि कालखंड धरावा. एका वर्षी सगळी मुले एकाच काळात राहतील. पहिले वर्ष आरंभापासून सातवाहनांपर्यंत, दुसरे शिलाहार-यादव आणि सुलतानशाह्यांचे, तिसरे शहाजीराजांपासून १८१८ पर्यंत, चौथे इंग्रजी अंमल, स्वातंत्र्यसंग्राम आणि संयुक्त महाराष्ट्रापासून पुढचे. सातव्या वर्षी आलेले मूल पंधराव्या वर्षापर्यंत ही प्रदक्षिणा दोनदा पूर्ण करते. पहिल्या फेरीत ते गोष्ट ऐकते, चित्र काढते. दुसऱ्या फेरीत त्याच गोष्टीचा कागद मागते. मोठ्याने वाचलेले धाकट्याला सांगायचे, हा नियम ठेवला तर मोठ्याची उजळणी होते आणि आईचा गळाही वाचतो.

कोठून सुरुवात करायची, याचे उत्तर गोराईकरांना शोधत फिरावे लागत नाही. बोरिवलीच्या पश्चिमेस, गोराईच्या वाटेजवळच एकसर गाव आहे. तेथील वीरगळांवर नौकांच्या रांगा, वल्ही मारणारे वीर आणि समुद्रावरचे युद्ध कोरलेले आहे. मराठी मुलखात नाविक युद्धाचे इतके स्पष्ट शिल्प विरळा. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी काही अभ्यासक ते जोडतात. काहींनी ते शिल्प त्याहून जुने मानले आहे. धाकट्यांनी नावा मोजाव्यात, मधल्यांनी नकाशावर देवगिरी ते ठाणे ही वाट काढावी, आणि मोठ्यांनी अभ्यासकांत मतभेद का, हे विचारावे. एकच दगड, तीन वयांचे तीन धडे.

तेथून मंडपेश्वर जवळ. आठव्या शतकाच्या आसपासचे हे शैव लेणे. नृत्यमग्न शिव तेथे आजही पाहता येतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी लेण्यात प्रार्थनास्थळ केले, वर मठ व विद्यालय बांधले. त्याचे भग्न अवशेष माथ्यावर उभे आहेत. एका शिल्पपटावर तर मूर्ती छाटून क्रूस कोरलेला दिसतो. १७३९ नंतर साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ती घेतली. आता ते पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. मुले तेथे उभी राहिली की प्रश्न येणारच : ही मूर्ती कुणी फोडली?

येथे पालकांची खरी कसोटी आहे, आणि गोराईत ती अधिकच आहे. खाडी ओलांडून मूळ गोराई गावात गेले की चर्च दिसते, आणि त्याच्या भोवती पिढ्यान्‌पिढ्या राहणारी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे. या समाजाने ते नाव १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी स्वीकारले. त्याची बोली मात्र मराठीचीच. वर्गातल्या मुलाचा खेळगडी याच घरातला असू शकतो. काही पालक अशा वेळी तो प्रश्नच टाळतात, मूर्ती ‘काळाच्या ओघात’ भंगली असे सांगून मोकळे होतात. हे असत्य आहे, आणि मूल दहा वर्षांनी ते ओळखते. दुसरे काही पालक पोर्तुगीज सत्तेचा हिशेब शेजारच्या घराच्या दारात मांडतात. हा अन्याय आहे. छिन्नी चालवली ती लिस्बनच्या राजाच्या आणि पाद्र्यांच्या सत्तेने. गावात राहिलेला कोळी, भंडारी, कुणबी हा त्या सत्तेखाली दबलेला याच मातीचा माणूस होता. दोन्ही गोष्टी एका दमात सांगता येणे, हीच शिक्षकाची योग्यता.

चिमाजी अप्पांच्या मोहिमेत याचा वस्तुपाठच आहे. मोहीम १७३७ मध्ये ठाणे घेऊन सुरू झाली. गोराई, मनोरी, उत्तन ज्यावर वसली आहेत ते त्या काळचे धारावी बेट. तेथील किल्ल्यासाठी निकराची झुंज झाली आणि १७३९ च्या मार्चमध्ये तो पडला. मे महिन्यात वसई शरण आली. एवढ्या रक्तपातानंतर अप्पांनी जो तह केला, त्यात पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांनिशी मानाने बाहेर पडू दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला तिचा धर्म पाळण्याची मोकळीक दिली. हा तह वर्गात कलमवार वाचून दाखवावा. वसईच्या घंटा वाजत-गाजत देवळांत गेल्या, ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. तहाची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ यासाठी हाताशी ठेवण्याजोगे आहे.

पुराव्याची सवय लावली तर मुलांचा अभिमान ढळेल, अशी भीती काही घरांत बोलून दाखवली जाते. शिवजन्माच्या तिथीचा वाद अशा घरांनी मुलांपुढे मांडावा. शके १५४९, म्हणजे १६२७, हे साल रूढ होते. पुढे जेधे शकावली हाती आली, तिच्यात १६३० ची नोंद निघाली. ती दडवावी असे लोकमान्यांना वाटले नाही. १९१६ मध्ये त्यांनी ती स्वतः प्रसिद्ध केली. शिवजयंतीचा उत्सव गावोगाव नेणाऱ्या माणसानेच रूढ तिथीला धक्का देणारा कागद लोकांपुढे ठेवला. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत केली ती २००१ मध्ये. मधल्या पंचाऐंशी वर्षांत महाराजांवरचे प्रेम तसूभर कमी झाले काय? पंधरा वर्षांच्या मुलाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली सभासदाची बखर आणि शतकाहून अधिक काळाने आलेली चिटणिशी बखर शेजारी-शेजारी ठेवून एकच प्रसंग वाचावा. कोठे काय वाढले, ते त्याचे त्यालाच दिसेल.

राहता राहिली परीक्षा. सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बसणाऱ्यास इतिहास सुटत नाही. मुक्त विद्यालयातून बसणाऱ्याला सामाजिक विज्ञान घ्यायचे की नाही, हे ठरवता येते, आणि बरेच पालक ते सोयीस्कर म्हणून टाळतात. टाळू नये. शेवटच्या वर्षी मंडळाचे पुस्तक आठ-दहा महिने नीट केले की गुणांचे भागते. आठ वर्षे कालखंडाने शिकलेल्या मुलाला त्यातले नवे असे थोडेच असते. आधीच्या वर्षांचा खर्चही मोठा नाही. भिंतीवर एक लांब दोरी, शतकागणिक गाठ, गाठीला मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि सुटीच्या दिवशी एकसरपर्यंतची पायपीट. पावसाळा संपल्यावर पहिला तास तेथेच घ्यावा. दगड धुतलेले असतात आणि वल्ही मारणारे वीर स्पष्ट दिसतात.