‘तुघलकी’ म्हणण्यापूर्वी

इंग्रजीत एखाद्याला वाळीत टाकणे म्हणजे त्याला ‘कॉव्हेंट्रीला पाठवणे’. तिथे गावाचा वाक्प्रचार झाला, आपल्याकडे राजाचा : ‘तुघलकी कारभार’. शाळेची पायरी न चढलेली माझी आजीही रेशनचा नियम बदलला की हेच म्हणते.

मित्रहो, या शब्दाचे मूळ आपल्या शहरापासून पंधराएक किलोमीटरवर, दौलताबादेत आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे, देवगिरीला आणली. दक्षिणेवर वचक ठेवायला दिल्ली फार दूर पडत होती. म्हणजे हुकुमाला कारण होते. हजार किलोमीटरहून अधिक वाट तुडवणाऱ्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. काही वर्षांतच राजधानी परत गेली. पुढे दख्खनच्या सरदारांनी बंड केले आणि १३४७ साली याच दौलताबादेत बहमनी राज्य उभे राहिले.

वाक्प्रचारात उरला तो फक्त राजाचा लहरीपणा. लहर म्हटली की आपण हसतो आणि गप्प बसतो. माझे म्हणणे एवढेच, की हुकूम तुघलकी वाटला तर हसण्याआधी त्याचे कारण विचारावे. आणि पायपीट कोणाच्या वाट्याला येणार, हेही.